दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये एकच दिवस आहे. अ‍ॅम्फिथिएटर बघून झाल्यावर गावाबाहेरचं रोमन आणि आद्य ख्रिस्ती वस्तूंचं म्युझियम बघावं का?

बघाच. वेळ कमी पडला तर अ‍ॅम्फिथिएटर बाहेरून फेरी मारून बघा, पण म्युझियम सोडू नका. मी फ्रान्समध्येच राहतो, त्यामुळे घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन तिथे जाणं होतं. "तिथल्या दगडी शवपेट्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्यात काय बघायचं?" असं तुम्ही विचारलंय, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आधी बाकीचं उरकतो. निळ्या रंगाची ही त्रिकोणी इमारत 1995 साली उघडली. ती उभी आहे रोमन रथशर्यतींच्या मैदानाच्या अवशेषांना लागून. टाउन हॉलसमोरच्या चौकात जो उंच दगडी स्तंभ दिसतो, तो मूळचा याच मैदानातला. आत गर्दी असते ती दोन वस्तूंभोवती. एक म्हणजे ऱ्होन नदीत 2007 साली सापडलेला संगमरवरी अर्धपुतळा. तो ज्युलियस सीझरचाच, असं म्युझियम सांगतं; काही अभ्यासकांना ते पटलेलं नाही. मलाही तो सीझर वाटत नाही, पण चेहरा मात्र असा आहे की कोणाचा का असेना, बघत राहावं.

दुसरी म्हणजे सपाट बुडाची 31 मीटर लांब मालवाहू नौका. पहिल्या शतकात दगड भरलेली असतानाच ती नदीत बुडाली, 2004 साली सापडली, 2011 साली बाहेर काढली आणि 2013 पासून इथे आहे. तिच्या मागच्या टोकाला मोठा रांजण कापून केलेली खलाशांची चूल आहे, ती चुकवू नका. नौकेच्या आसपास दारू-तेलाचे उंच, निमुळते कुंभ मांडलेत. अशा कुंभांची खापरं आपल्याकडे नेवासा आणि घारापुरीलाही निघालेली आहेत, त्यामुळे तिथे मी जरा जास्तच रेंगाळतो.

आता शवपेट्या. रोमच्या बाहेर इतका मोठा संग्रह क्वचितच बघायला मिळतो. पूर्वी आर्लमध्ये दोन वेगळी म्युझियमं होती: मूर्तिपूजकांच्या वस्तू एका जुन्या चर्चमध्ये आणि ख्रिस्ती वस्तू जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या चॅपेलमध्ये. आता दोन्ही एका छपराखाली आहेत, आणि खरी मजा त्यातच आहे. आधी फेड्रा आणि हिप्पोलितसची ग्रीक कथा कोरलेली पेटी नीट बघा: शिकारी, घोडे, कुत्रे, सगळं दगडातून उसळून बाहेर येतंय. मग ख्रिस्ती पेट्यांकडे वळा. संगमरवर तसाच, नवरा-बायकोची शिंपल्यातली जोडचित्रं तशीच, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळही ओळखीचा. 313 नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, 314 साली तर याच गावात बिशपांची मोठी परिषद भरली. श्रद्धा बदललेली श्रीमंत गिऱ्हाइकं त्याच धर्तीच्या कारखान्यांकडे गेली आणि कारागिरांनी हातात बसलेल्या जुन्या आकृत्यांना नवी कथा दिली. कित्येक पेट्या तर रोममध्येच घडवून समुद्रमार्गे आणलेल्या आहेत.

सारख्या वाटतात त्याचं कारण असं, की प्रसंगांच्या मध्ये चौकट नसते. अजिंठ्याच्या भिंतीवर एकच राजपुत्र एकाच चित्रात तीनदा दिसतो ना, तसंच हे. येशू चार-पाच वेळा येतो, आणि तोही दाढी नसलेला तरुण. त्याच्या हातात काठी असते. काठी टोपल्यांवर टेकली की भाकरी वाढवल्याचा चमत्कार. कापडात गुंडाळलेल्या प्रेताकडे रोखली की मेलेल्या लाझारसला उठवल्याचा. दोन सिंहांच्या मध्ये हात पसरून उभा तो बायबलमधला दानिएल. माशाच्या तोंडातून येणारा योना, तोही बायबलमधलाच. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्म्याहून जास्त पेट्या आपोआप वाचता येतील. क्रुसावरचा ख्रिस्त मात्र शोधू नका. चौथ्या शतकातल्या या कामात तो नाही. त्यांना वेदना नाही, सुटका कोरायची होती.

एकच पेटी निवडायची झाली तर 1974 साली नदीपलीकडच्या त्रँकतायमध्ये सापडलेली दोन पट्ट्यांची पेटी घ्या. मधोमध जोडपं, भोवती जुन्या-नव्या करारातले प्रसंग खच्चून भरलेले. तिला निवांत पंधरा मिनिटं द्या.

एकूण अडीच तास धरा. मंगळवारी म्युझियम बंद असतं, त्यामुळे वार आधी बघून ठेवा. गावातून नदीकाठाने चालत वीसेक मिनिटं लागतात, आणि मिस्त्राल हा उत्तरेकडचा बोचरा वारा सुटला असेल तर ही चाल नकोशी होते. तेव्हा सरळ बस घ्या. परतल्यावर सेंट त्रोफीम चर्चमध्ये डोकवा, बायबलमधला तांबडा समुद्र ओलांडण्याचा प्रसंग कोरलेली शवपेटी तिथे वेदी म्हणून वापरलेली आहे. आलिस्काँ ही जुनी दफनभूमी तिकडून दक्षिणेला आहे, पण चांगल्या पेट्या तिथून केव्हाच हलवल्यात. व्हॅन गॉग आणि गोगँ या चित्रकारांनी 1888 साली रंगवलेली झाडांची वाट बघायची हौस असेल तरच तिथे जा.