'रनिंग मेट'साठी 'सहउमेदवार' चालेल का?

अमेरिकेतील १९६० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'केनेडी यांच्या सहउमेदवारामुळे टेक्सास राज्य त्यांच्या पदरात पडले' या वाक्यात 'रनिंग मेट'साठी, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर जोडीने उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहणाऱ्या उमेदवारासाठी, योजलेला 'सहउमेदवार' हा शब्द बरोबर आहे का, की त्यांना कोणी सुचवलेला 'उपउमेदवार' अधिक योग्य ठरेल.

'उपउमेदवार' सरळ बाजूला ठेवावा. केनेडी यांच्या जोडीला लिंडन जॉन्सन ज्या पदासाठी उभे होते त्या उपाध्यक्षपदाला 'उप' लागतो, त्यांच्या उमेदवारीला नाही. शिवाय या शब्दाने, मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून ज्याचा पर्यायी अर्ज भरून ठेवतात, असा माणूस डोळ्यांपुढे येतो.

'सहउमेदवार' वृत्तपत्रांत दिसतो आणि तो अशुद्धही नाही. ('उमेद' फारसीतून आलेला असल्यामुळे येथे संधी करण्याचे कारण नाही.) अडचण अर्थाची आहे. एकाच प्रकारच्या जागांसाठी एका पक्षातर्फे शेजारी उभे राहिलेले लोक, असा अर्थ या शब्दातून सहज निघतो. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात एका पॅनेलचे चौघे एकमेकांचे सहउमेदवार म्हणता येतील. परंतु तेथे मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो आणि मनात आले तर दोन या पॅनेलचे, दोन त्या पॅनेलचे निवडतो. अमेरिकी मतदाराला अशी मोकळीक नसते. पुढे निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून निवडले जाणारे प्रतिनिधी, दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मते नोंदवतात हे खरे. पण सामान्य मतदाराची खूण मात्र जोडीवरच होते. दुसरे नाव पसंत नसेल तर पहिलेही सोडावे लागते, आणि म्हणूनच दुसऱ्या नावाच्या निवडीला निवडणुकीत महत्त्व येते. ही गोष्ट ज्या शब्दातून सूचित होत नाही, तो शब्द वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडतो असे मला वाटते.

आपल्याकडे या कल्पनेला रूढ शब्द नाही, याचे कारण आपल्या राज्यघटनेत आहे. राष्ट्रपतींची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात, उपराष्ट्रपतींची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य वेगळ्या निवडणुकीत करतात, आणि दोघांच्या उमेदवारीचा एकमेकांशी संबंध नसतो. 'तिकीट' या शब्दाचाही येथे उपयोग नाही, कारण अमेरिकेत तो शब्द त्या जोडीला लावतात, तर मराठीत तिकीट म्हणजे पक्षाने दिलेली उमेदवारी.

मूळ इंग्रजी शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकाच तबेल्यातले दोन घोडे उतरवून, ज्याने जिंकावे अशी अपेक्षा असे त्याला वेग मिळवून देण्यासाठी दुसऱ्याला धावायला लावत. तो दुसरा घोडा म्हणजे 'रनिंग मेट'. एक मुख्य आणि दुसरा त्याच्या मदतीला, हे नाते मराठीत 'जोड' या पूर्वपदाने चांगले दाखवता येते. शेतीला जोडधंदा असतो, तेव्हा शेती मुख्य असते आणि जोडधंदा स्वतंत्र व्यवसाय असूनही तिला हातभार लावतो. त्या धर्तीवर मी 'जोडउमेदवार' हा शब्द सुचवतो. पहिल्या उल्लेखात 'उपाध्यक्षपदाचे उमेदवार' असे स्पष्ट लिहावे आणि पुढे 'जोडउमेदवार' वापरावा. नुसता 'जोडीदार' मात्र टाळावा, कारण तो आयुष्याच्या जोडीदाराकडे झुकतो.

हा भेद किती उपयोगी आहे ते टेक्सासच्याच उदाहरणावरून दिसेल. १९६० साली जॉन्सन यांचे नाव तेथील मतपत्रिकेवर दोनदा होते, एकदा सिनेटचे उमेदवार म्हणून आणि एकदा केनेडी यांचे जोडउमेदवार म्हणून. दोन्हीकडे ते विजयी झाले. २८ वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस यांनी त्याच राज्यातील लॉइड बेन्टसन यांना जोडीला घेतले, आणि बेन्टसन यांनीही दोन्ही जागा लढवल्या. या वेळी टेक्सासच्या मतदारांनी बेन्टसन यांना सिनेटवर पुन्हा पाठवले, मात्र अध्यक्षपदासाठी राज्याचा कौल जॉर्ज बुश यांना दिला. सिनेटचे उमेदवार म्हणून ज्यांना स्वीकारले त्यांच्याच नावाने जोडउमेदवार म्हणून राज्य फिरले नाही.

म्हणूनच मूळ वाक्यातील 'मुळे' या शब्दयोगी अव्ययालाही माझी हरकत आहे. टेक्सासने १९५६ साली विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या आयझेनहॉवर यांना कौल दिला होता आणि १९६० साली ते राज्य केनेडी यांच्याकडे सुमारे ४६ हजारांच्या फरकाने आले, तेव्हा जॉन्सन यांचा त्यात मोठा वाटा मानणे रास्तच आहे. पण 'मुळे' म्हटले की तेच एकमेव कारण ठरते. त्यापुढे जाऊन 'जॉन्सन यांच्यामुळे केनेडी अध्यक्ष झाले' असे लिहिले तर हिशेबही जुळत नाही. केनेडी यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली होती, टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात, आणि विजयासाठी २६९ पुरेशी होती. दक्षिणेतील इतर राज्यांतही जॉन्सन यांच्या नावाचा उपयोग झाला असे मानता येते, परंतु तो दावा मग तसा मांडावा लागेल.

वाचकाच्या वाक्यापुरते सांगायचे तर 'जॉन्सन यांच्यासारखा टेक्सासचा जोडउमेदवार असल्याने ते राज्य जिंकणे केनेडी यांना सोपे गेले' असे लिहावे.