गळा एकीकडे, बोटं दुसरीकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवत गाते. घरात सगळे म्हणतात, ‘बेस कोण ऐकतं? गायचं तर नुसतं गा.’ असे कोणी मोठे झाले आहेत का? आणि बडोद्यात यावर पोट भरेल का?
— एक आई, कारेलीबाग

उत्तर : झाले आहेत, आणि त्यातले काही जण बेसकडे वळले ते केवळ गरज पडली म्हणून. पॉल मॅकार्टनी आधी गिटार वाजवत. १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ यांनी बीटल्स सोडलं आणि बेस मॅकार्टनींच्या गळ्यात पडला. हँबुर्गला घेतलेला त्यांचा हॉफनर ५००/१ आतून पोकळ, म्हणून हलका, आणि त्याच्या तारेची लांबी ३० इंच. एरवी ती ३४ असते. माइकसमोर तासन्‌तास उभं राहणाऱ्याला याचा केवढा आधार होतो ते खांद्याला विचारावं. तो बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला. तो परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं!

मोटरहेड या रॉक बँडचे गायक-बेसवादक लेमी किलमिस्टर हेही मुळात गिटारवालेच. म्हणून ते बेसवरही कॉर्ड (एका वेळी अनेक सूर) वाजवत, आणि मोटरहेडचा तो भरडा आवाज त्यातूनच आला. १९७५ मध्ये हॉकविंड या आधीच्या बँडमधून काढून टाकल्यावर त्यांनी स्वतःचा बँड काढला आणि डिसेंबर २०१५ मध्ये वारले तोवर चालवला. ते माइक उंच लावून, मान वर करून गात. मुलीला याची नक्कल मात्र करू देऊ नका. मान ताणली की गळ्याचे स्नायू आवळतात. माइक ओठांच्या पातळीवरच हवा. बेस वाजवत गाणारे स्टिंग १९७७ मध्ये ‘द पोलीस’ हा त्यांचा बँड सुरू होण्याआधी शाळेत शिकवत होते, तेव्हा शिक्षण सोडायची घाई नको.

पोटापाण्याचं म्हणाल, तर बडोद्यात नवरात्र हाच मोठा हंगाम. गरब्याच्या अनेक ऑर्केस्ट्रांत बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागवतात. म्हणून सहा मात्रांचा हींच हा ताल रात्रभर न ढळता धरणारी, शिवाय कोरसला गाणारी बेसवादक वेगळी उठून दिसते. नुसत्या रॉकवर घर चालेल असं आम्ही म्हणणार नाही. गरबा, लग्नाचे कार्यक्रम आणि शिकवण्या यांची जोड द्यावीच लागेल.

प्रश्न : सूरसागरजवळच्या संगीत कॉलेजात गायन शिकलो. बेस वेगळा नीट वाजतो, गाणंही वेगळं नीट होतं. दोन्ही एकत्र केलं की हात गळ्यामागे धावतो. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ही पेटीची सवय. पेटीवर गळा जातो त्याच सुरावर बोट जातं. बेसवर हाताने ड्रमच्या किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) धरायचं आणि गळ्याने चालीला. दोघांत समान फक्त लय.

चौकटीची वही घ्या. चार मात्रांची आठ घरं करा, वर शब्दांची अक्षरं लिहा, खाली बोटाचे आघात. समजा बोट १, ४, ५, ७ वर पडतं आणि ओळ ८ व्या घरात, म्हणजे समेच्या अर्धी मात्रा आधी, उचलली जाते. घोळ नेमका तिथे होतो. तोंड उघडताच हातही ८ वर तार छेडतो, मग १ चा आघात पोचट पडतो आणि ड्रमर एकटा राहतो. असं प्रत्येक घर लाल पेनाने गोल करा.

गाण्याची गती मिनिटाला ११० ठोके असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६५ वर लावा. आधी बेस वाजवत १ ते ८ मोठ्याने मोजा. मग आकड्यांच्या जागी शब्द, पण सूर न लावता, नुसते बोलून. मग सगळे शब्द एकट्या ‘सा’वर. चाल सगळ्यात शेवटी. चार आवर्तनं न अडखळता गेली की गती ५ ने वाढवा, त्याआधी नाही. एका वेळी एकच ओळ घ्या. पुढे दिवा मालवून वाजवा, कारण बेसच्या दांड्यावरच्या पट्ट्यांकडे बघायला मान वळली की तोंड माइकवरून हटतं.

तरीही एखादी जागा जमत नसेल तर शब्दांच्या खाली बेस कमी करा. १ आणि ५ वर मूळ स्वर ठेवा, करामत ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत करा. स्टिंग यांच्या वादनातही अशा मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. याला पळवाट समजू नका.

प्रश्न : बोटं तारेवर असताना माइकला ओठ लागला की चटका बसतो. माइक खराब आहे का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : बहुधा माइक ठीक आहे, दोष अर्थिंगचा आहे, आणि हे अजिबात चालवून घेऊ नका. तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. जुन्या घरात किंवा मांडवात यातल्या एका प्लगला अर्थ नसला की दोन्हींत विजेचा फरक राहतो आणि तो तुमच्या अंगातून जातो. मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा, एक टोक बेसच्या ब्रिजला आणि दुसरं जाळीला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. पाच-दहा व्होल्ट जरी दिसले तरी वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच, अर्थ तपासलेल्या बोर्डावरून चालवा. अ‍ॅम्पमधली गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची जाड पिन कधीही काढू नका. माइकवरची फोमची टोपी ओठ वाचवते, दोष दुरुस्त करत नाही.

प्रश्न : बँडची गाणी पांढरी तीनमध्ये (म्हणजे E मध्ये) आहेत, मला ती किंचित उंच पडतात. काय करू?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : बेसच्या चारही तारा (पांढरी तीन, सहा, दोन, पाच) अर्धा स्वर उतरवा, गिटारवाल्यांनाही उतरवायला सांगा. मोकळ्या तारांची बोटं तशीच राहतात आणि गाणं काळी दोनमध्ये येतं. तारा सैल पडून पट्ट्यांवर खडखडल्या तर ४५–१०५ जाडीच्या तारांऐवजी ५०–११० चा जाड संच लावा.