कडबाकुट्टीचं नवीन मॉडेल काढलंय, कृषी प्रदर्शनात स्टॉल घेणं परवडेल का?

तुम्ही विचारलंय की छोटा कारखाना आहे, नवीन कुट्टी (चारा बारीक कापायचं यंत्र) तयार आहे, पुण्याजवळच्या मोशीच्या 'किसान'सारख्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यावा की तेच पैसे फेसबुकच्या जाहिरातीत घालावेत. मीही कुट्टीच बनवतो. स्टॉल घ्या, पण मशीन तिथे चालवून दाखवता येणार असेल तरच.

माझ्या पहिल्या स्टॉलची गोष्ट सांगतो. जागेचं भाडं चौरस मीटरवर, वीज वेगळी, किलोवॅटवर. काटकसर म्हणून मी एकच किलोवॅट घेतला. मोटर दोन एचपीची. म्हणजे चालतानाच दीड किलोवॅट, आणि सुरू होताना तर कितीतरी पट जास्त. बटण दाबलं की ट्रिप! दिवसभर कुट्टी मुकी उभी, मी पत्रकं वाटतोय, आणि समोर एकजण आपल्या कुट्टीत मक्याची ताटं सारतोय त्याच्याकडे ही झुंबड. दुसऱ्या दिवशी जादा लोड घेतला, टेम्पोभर हत्तीघास आणला, तेव्हा कुठे माणसं थांबायला लागली.

शेतकरी आधी कापलेला तुकडा हातात घेऊन बघतो, मग तोंड उघडतो. प्रश्न ठरलेले: केवढ्याला, पाती कुठे मिळतील, सबसिडीत बसतं का. शेवटच्याची तयारी घरूनच करून जा. महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरच्या) योजनेत बसायला मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल लागतो. 'काम चालू आहे' म्हणालात की गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर.

माल हातात नसताना नुसता नमुना मांडणं मोठ्यांना शोभतं. टाटांनी नॅनो 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि पहिली गाडी गिऱ्हाईकाला मिळाली जुलै 2009 मध्ये. दीड वर्ष लोक थांबले, कारण नाव टाटा आणि किंमत लाखाची. आपल्यासाठी कोण थांबतंय?

बुकिंग म्हणाल तर पाच दिवसांत जागेवर दोनच. वहीत मात्र सव्वाशे नंबर, प्रत्येकापुढे गाव आणि जनावरं किती. धंदा झाला तो पुढचे तीन आठवडे फोन करून. आणि सांगलीकडचे दोन डीलर मिळाले. त्यांनी स्टॉलवर एक शब्द विचारला नव्हता, घोळक्याच्या मागे उभे राहून कुट्टी किती वेळा अडकते तेवढं मोजत होते.