पश्चात्ताप ‘होतो’ की ‘करतात’?

प्रश्न असा आहे: ‘मराठीत पश्चात्ताप होतो. मग बायबलमध्ये “पश्चात्ताप करा” असा हुकूम कसा? आणि ख्रिस्ती लोक “नवा जन्म” म्हणतात तो आपला पुनर्जन्मच का?’

आधी शुद्धलेखन, त्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. पश्चात् अधिक ताप, म्हणून पश्चात्ताप. ‘पश्चाताप’ लिहिणारे मधला एक त कुठे गहाळ करतात ते त्यांनाच ठाऊक. आणि ‘आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ हे बातमीतलं ठरलेलं वाक्य आता पुरे करा. पश्चात्ताप काय मुरूम आहे, चेहऱ्यावर दिसायला? असल्या वाक्यांनी त्या शब्दाचा अर्थ ‘पडलेलं तोंड’ एवढाच उरवला आहे. प्रश्नातली अडचण तिथूनच येते.

नवा करार म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, त्यातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. मार्क १:१५ मध्ये येशूच्या तोंडी त्याचं आज्ञार्थी रूप येतं, ‘मेटानोएइते’. हुकूम भावनेला सोडता येत नाही, कृतीला सोडता येतो. हे रूपही चालू क्रियेचं आहे: एकदा करून मोकळे व्हा असं ते सांगत नाही, करत राहा म्हणतं. मागाहून जीव जळतो त्यासाठी ग्रीकमध्ये दुसरं क्रियापद आहे, ‘मेटामेलोमाइ’. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली तिथे (मत्तय २७:३) हेच आहे. त्याला जे वाटलं ते खोटं नव्हतं, पण तो वळला नाही. आता कोणीतरी मत्तयाच्याच २१व्या अध्यायातला, आधी ‘नाही’ म्हणून मग द्राक्षमळ्यात गेलेला मुलगा पुढे करणार. तिथेही मेटामेलोमाइच आहे, कबूल. म्हणजे या दोन शब्दांमधलं कुंपण पक्कं नाही. पण येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, २ करिंथ ७:१० मध्ये, सांगतो की देवाला मान्य असलेल्या दुःखातून मेटानोइया निपजते. निपजते, म्हणजे दुःख आणि ती एकच कशी असतील?

आपल्याकडे तर अशी जोडी तयारच आहे. ‘पस्तावा’ हा पश्चात्तापाचाच नातू. पश्चात्ताप, प्राकृतात पच्छाताव, मराठीत पस्तावा. प्राकृतातला च्छ मराठीत स होऊन बसतो: मच्छचा मासा, कच्छवचं कासव, उच्छूचा ऊस. हिंदीने छ सांभाळला, म्हणून तिकडे पछतावा. गंमत अशी की ‘पस्तावा करा’ असं कोणीही म्हणत नाही. माणूस नुसता पस्तावतो. तेव्हा यहूदासाठी पस्तावा ठेवा आणि ‘करा’ पश्चात्तापाला जोडा, प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मिटला.

लॅटिन बायबलात मत्तय ४:१७ मध्ये याच आज्ञेच्या जागी ‘पेनितेन्तियाम अगिते’ आलं आणि पुढे लोकांनी ते ‘प्रायश्चित्त घ्या’ असं ऐकलं. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले, त्यातला पहिलाच या शब्दावर आहे: श्रद्धावंताचं अख्खं आयुष्य पश्चात्ताप असावं. दुसरा लगेच बजावतो की हा शब्द धर्मगुरूपुढल्या कबुलीच्या संस्कारापुरता घेता येणार नाही. एका शब्दाच्या अर्थावरून एवढं रामायण!

यावर काही भाष्यकार शब्द फोडून सांगतात: मेटा म्हणजे बदल, नूस म्हणजे मन, म्हणून मेटानोइया म्हणजे ‘मतपरिवर्तन’. वा! मतपरिवर्तन पक्ष बदलणाऱ्याचंही होतं. हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द ‘शूव’, म्हणजे मागे फिरणे, परतणे. नव्या करारातल्या मेटानोइयामागे तो उभा आहे, हे विसरून नुसत्या ग्रीकचे तुकडे पाडत बसलं की असंच होतं.

मला विचाराल तर मराठीत मेटानोइयाला सगळ्यात चपखल शब्द आहे ‘शुद्धीवर येणे’. हसू नका. लॅक्टॅन्शियस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये सुचवलेला ‘रेसिपिस्केन्तिया’ म्हणजे भानावर येणंच. लूक १५:१७ मधला उधळ्या मुलगा डुकरांच्या शेंगांकडे आशाळभूतपणे बघता बघता ‘स्वतःकडे आला’ असं ग्रीकमध्ये आहे. मराठी भाषांतरात तो ‘शुद्धीवर येऊन’ बोलतो. आता हा शब्द बघा. शुद्धी म्हणजे निर्मळपणा, आणि शुद्धी म्हणजे भानही. याच्याही पुढचा, जवळजवळ विसरलेला अर्थ आहे: शोध, ठावठिकाणा. मारुती लंकेत गेला तो सीताशुद्धीला, तिला धुवायला नव्हे! लूकच्या त्या अध्यायात मुलाच्या आधी दोन गोष्टी आहेत, शंभरांतलं एक हरवलेलं मेंढरू आणि दहांतलं एक हरवलेलं नाणं. ‘पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल आनंद’ हे शब्द येतात ते या दोन गोष्टींच्या शेवटी. मेंढराने आणि नाण्याने कसला पश्चात्ताप केला? त्यांची कोणीतरी शुद्धी केली, इतकंच. शोध, भान आणि निर्मळपणा एकाच शब्दात, आणि तेही मराठीत. ग्रीकलाही हे जमलेलं नाही. कोशकारांना ही व्युत्पत्ती ‘अतिरंजित’ वाटेल, खुशाल वाटो.

पापाबद्दल लांबण लावत नाही. ग्रीक ‘हमार्तिया’, हिब्रू ‘हता’, दोन्हींच्या मुळाशी नेम चुकणं आहे, हे सगळेच सांगतात. बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकात (२०:१६) आलेले ७०० डावखुरे गोफणवाले केसावरही नेम धरून चुकत नसत, तिथलं ‘चुकणं’ याच हिब्रू धातूचं. मराठीत नेमही चुकतो आणि वाटही चुकते, मेंढरू वाट चुकतं.

राहिला जन्म. योहान ३ मध्ये निकदेम नावाचा एक यहूदी पुढारी रात्री येशूकडे येतो तेव्हा येशू ‘आनोथेन’ जन्मायला सांगतो. या शब्दाचे अर्थ दोन, ‘वरून’ आणि ‘नव्याने’. निकदेम दुसरा अर्थ धरतो आणि म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत कसं शिरायचं ते विचारतो. म्हणून ‘पुनर्जन्म’ लिहू नका. पुनर्जन्माला आधी मरण लागतं आणि मग दुसरा देह. इथे देह तोच राहतो. शिवाय ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, जन्म दिला जातो. तेव्हा तुमचं व्याकरण इथे मात्र बरोबर: पश्चात्ताप करायचा, नवा जन्म होतो.