'टोपोलॉजिकल' म्हणजे स्थलाकृतिक नव्हे, आणि इन्सुलेटरच्या पोटातलं बेट

प्रश्न असा आला आहे: "'टोपोलॉजिकल इन्सुलेटर'ला 'स्थलाकृतिक रोधक' म्हटलेलं वाचलं. हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?"

बरोबर नाही. टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून वीज वाहू न देणारा, पण पृष्ठभागावर किंवा काठावर ती वाहू देणारा पदार्थ. मराठीतले दोन्ही शब्द चुकले आहेत. स्थलाकृती म्हणजे टोपोग्राफी: डोंगर, दऱ्या, नकाशावरच्या समोच्च रेषा. रोधक म्हणजे रेझिस्टर, सर्किटमधला तो रंगीत पट्ट्यांचा. टोपोग्राफी आणि टोपोलॉजी दोन्हींत 'टोपोस' म्हणजे जागा हा ग्रीक शब्द आहे, पण तेवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. योहान लिस्टिंग या जर्मन गणितज्ञानं १८४७ साली 'टोपोलोगी' हा शब्द छापला, तो नकाशांसाठी नव्हे. ताणलं, वाकवलं तरी जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे टोपोलॉजी. मराठीत 'संस्थिती' आहे, विशेषण 'सांस्थितिक'. तो वापरा.

याहून जास्त खटकतो तो 'टोपोलॉजिकल म्हणजे पृष्ठभागाचा' हा समज. कप आणि मेदूवडा संस्थितीच्या दृष्टीनं एकच, हे उदाहरण ऐकून लोक स्फटिकाच्या आकारात पीळ शोधतात. पीळ आकारात नाही, स्फटिकाच्या गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या तरंगांमध्ये आहे. बिस्मथ सेलेनाइडचा तुकडा घ्या. त्यात सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम-बिस्मथ-सेलेनियम असे पाच-पाच अणुथरांचे गठ्ठे असतात, एकेक सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा, आणि गठ्ठ्यागठ्ठ्यांत पकड ढिली. साधी चिकटपट्टी लावून ओढली की अभ्रकासारखा चकचकीत पापुद्रा निघतो. वहन जर वरच्या कातडीचाच गुण असतं, तर ते पापुद्र्याबरोबर निघून गेलं असतं. तसं होत नाही. उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठभागावर तीच वाहती अवस्था पुन्हा हजर असते, कारण आतल्या पिळाला बाहेर कुठेतरी सुटावंच लागतं.

आता 'इन्सुलेटर'. परिभाषाकारांचा 'निरोधक' मला मुळीच पटत नाही. रोध म्हणजे वाहत्याला अडवणं. इन्सुलेटरमध्ये कोणी कोणाला अडवत नाही. इलेक्ट्रॉनांना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचे पट्टे असतात: खालचा ऊर्जापट्टा काठोकाठ भरलेला, वरचा रिकामा, मधे फट. इलेक्ट्रॉनला सरकायला जागाच नाही. 'दुर्वाहक' त्याहून वाईट, त्यात फक्त 'कमी वाहतो' एवढंच येतं.

मूळ शब्द किती सुंदर आहे ते पाहा. लॅटिन 'इन्सुला' म्हणजे बेट. पेनिन्सुला म्हणजे जवळजवळ बेट. स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीपुंजांत तयार होतं म्हणून इन्सुलिन. अठराव्या शतकात स्थिर विजेचे प्रयोग करणारे वस्तू काचेच्या पायावर किंवा राळेच्या वडीवर ठेवत; ती जमिनीपासून तुटायची, तिचं बेट व्हायचं. म्हणून इन्सुलेट करणं म्हणजे बेट करणं. (इंग्रजी 'आयलंड'चा मात्र इन्सुलाशी संबंध नाही. त्यातला मुका 'स' चुकीनं घुसवलेला आहे.)

आणि आपला 'द्वीप'? पाणिनीचं सूत्र आहे, ६.३.९७: 'द्व्यन्तरुपसर्गेभ्योऽप ईत्'. द्वि, अन्तर् किंवा उपसर्गापुढे 'अप्' म्हणजे पाणी आलं की त्यातल्या 'अ'चा 'ई' होतो. द्वि + अप्, द्वीप: ज्याच्या दोन्ही अंगांना पाणी. या एका सूत्रातून अंतरीप, समीप आणि प्रतीपही निघतात. समीप म्हणजे जिथे पाणी एकत्र येतं. प्रतीप म्हणजे प्रवाहाच्या उलट. शंतनूच्या वडिलांचं नाव हेच.

यांतले द्वीप, प्रतीप आणि समीप हे तीन शब्द या पदार्थांवर इतके चपखल बसतात की परिभाषा इथूनच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. २००६ मध्ये बर्नेविग, ह्यूज आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांनी भाकीत केलं की कॅडमियम असलेल्या थरांमध्ये दाबलेला मर्क्युरी टेल्युराइडचा थर सुमारे ६.३ नॅनोमीटरहून जाड झाला की पट्ट्यांचा क्रम उलटेल आणि काठावर प्रवाह फुटतील. २००७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला ते मोजलं गेलं. ५.५ नॅनोमीटरच्या थराचा रोध काही मेगाओहम, म्हणजे साधं बेट. ७.३ नॅनोमीटरचा थर, नमुना १ मायक्रॉन लांब, तापमान जेमतेम ३० मिलिकेल्व्हिन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ: रोध १२.९ किलोओहमच्या आसपास. आत कोरडं, काठाला दोन धारा. एक स्पिन (इलेक्ट्रॉनचा फिरकीसारखा अंगभूत गुण) एका दिशेनं, दुसरा उलट दिशेनं. द्वीपच.

इलेक्ट्रॉनला काठावरून मागे फिरायचं तर स्पिनही उलटावा लागतो आणि साधी अशुद्धी ते करू शकत नाही. म्हणजे प्रतीप विकिरण, अशुद्धीवर आदळून उलट फिरणं, बंद. चुंबकी अशुद्धी मात्र स्पिन उलटवते, तिथे हे संरक्षण ढासळतं. २० मायक्रॉनच्या लांब नमुन्यातही रोध वाढलेलाच मिळाला होता. त्रिमितीय पदार्थाच्या पृष्ठभागावर बंदी फक्त १८० अंशांच्या वळणाला आहे, बाकी कोनांत विकिरण होतंच. 'इलेक्ट्रॉन बिनविरोध धावतात' असं सरसकट लिहिणारे हे विसरतात. 'प्रतीप' शब्द वापरला तर मर्यादा शब्दातच येते. आणि बिस्मथ सेलेनाइडचा पापुद्रा सहा गठ्ठ्यांहून पातळ केला, तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांचे तरंग एकमेकांत मिसळतात आणि वाहत्या अवस्थेतच फट पडते. पाणी पाण्याला मिळालं: समीप.

म्हणून माझा पर्याय 'सांस्थितिक द्वीपक'. 'दीपक'सारखं ऐकू येतं ही हरकत मला टिकणारी वाटत नाही. दीप आणि द्वीप आपण रोज वेगळे लिहितो. तोवर 'सांस्थितिक निरोधक' लिहिलंत तर अर्थ निदान चुकणार नाही. फक्त प्रत्यक्ष नमुन्याबद्दल लिहिताना जपा: बिस्मथ सेलेनाइडमध्ये सेलेनियमच्या जागा रिकाम्या राहतात, त्यातून जादा इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि गाभाच वाहू लागतो. अशा नमुन्याला निरोधक म्हणू नका, द्वीपकही नको. आधी कॅल्शियम मिसळून किंवा बिस्मथ-अँटिमनीचं प्रमाण साधून ते जादा इलेक्ट्रॉन फेडावे लागतात, तेव्हा कुठे बेट कोरडं होतं.