जुन्या तिकिटांचे बारकावे: प्लेट, कागद आणि जलचिन्ह

जुन्या टपाल तिकिटांबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे. कॅटलॉगमध्ये एकाच क्रमांकाखाली येणारी दोन तिकिटं शेजारी ठेवली की सारखी दिसत नाहीत, मग काय समजायचं? अशा वेळी मी आधी एवढंच शोधतो की हा फरक पडला कधी: कागद तयार होताना, छपाईची धातूची प्लेट बनताना, छपाईच्या वेळी, की तिकीट बाहेर पडल्यानंतर? किंमत, दुर्मीळपणा या गोष्टी त्यानंतरच्या.

प्रश्न: व्हिक्टोरिया राणीच्या लाल एक पेनी तिकिटावर राणीच्या नाकासमोर एक पांढरा ठिपका आहे. ही प्लेटची व्हरायटी, म्हणजे प्लेटमधूनच आलेला कायमचा फरक, धरायची का?

एका तिकिटावरून तसं म्हणता येणार नाही. या तिकिटाची प्लेट कशी तयार होत असे ते आधी पाहू. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर मूळ चित्र कोरायचं, तो ठोकळा कडक करायचा आणि मऊ पोलादाच्या रोलरवर त्याचा ठसा उठवायचा. मग तो रोलर कडक करून प्लेटवर 240 वेळा दाबायचा, प्रत्येक तिकिटासाठी एकदा. कोपऱ्यांतली अक्षरं त्यानंतर हाताने ठोकली जात. म्हणजे एकाच प्लेटवरच्या 240 जागांपैकी प्रत्येक जागा वेगळी घडलेली आहे. एखाद्या जागी ठसा नीट उठला नाही म्हणून रोलर पुन्हा दाबला आणि तो केसभर सरकला, तर काही रेषा दुहेरी होतात. अक्षर वाकडं किंवा खालीवर बसतं. ही खूण धातूतच असल्यामुळे त्या प्लेटच्या प्रत्येक शीटवर त्याच जागी उमटते.

आता तुमच्या ठिपक्याकडे वळू. ही कोरीव छपाई आहे, म्हणजे शाई प्लेटवरच्या खाचांत भरते. प्लेटवर ओरखडा पडला तर त्यातही शाई भरते आणि कागदावर रंगीत रेघ उठते. पांढरा ठिपका बहुतेक वेळा धूळ, कागदाचा तंतू किंवा कमी पडलेली शाई यांमुळे येतो आणि पुढच्या काही शीटनंतर नाहीसा होतो. उठावाच्या छपाईत शाई उंच भागाला लागते, म्हणून नेमकं उलट घडतं: तिथे धातूला खोक पडली की तेवढी जागा पांढरी राहते. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्याचा अर्थ लावण्याआधी तिकीट कोणत्या पद्धतीने छापलंय हे ठरवावंच लागतं. अनेकजण ही पायरी वगळतात, आणि मग चार महिने एका धुळीच्या कणाचा अभ्यास होतो.

खात्री करायची तर त्याच प्लेटचं, त्याच अक्षरांचं दुसरं तिकीट मिळवा. दोघांवर खूण हुबेहूब एकाच जागी असेल, आणि दोघांवरचे शिक्के वेगळ्या गावांचे किंवा वेगळ्या तारखांचे असतील, तर तुमची बाजू भक्कम झाली. प्लेटला गेलेला तडा असेल तर आणखी मजा आहे: तो काळाबरोबर लांबत जातो, आणि शिक्क्यांच्या तारखांवरून त्या प्लेटच्या वेगवेगळ्या अवस्था ओळीने लावता येतात.

प्रश्न: त्याच तिकिटावरची अक्षरं म्हणजे प्लेटचा नंबर का? आणि 77 नंबरची प्लेट मिळण्याची काही आशा?

नाही, अक्षरं शीटमधली जागा सांगतात. शीटमध्ये 20 ओळी आणि प्रत्येक ओळीत 12 तिकिटं असत. खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर ओळ दाखवतं, उजव्या कोपऱ्यातलं त्या ओळीतली जागा. ‘के’ आणि ‘डी’ असेल तर अकराव्या ओळीतलं चौथं तिकीट. सुरुवातीच्या तिकिटांवर अक्षरं फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत होती. 1864 पासून आलेल्या तिकिटांवर ती चारही कोपऱ्यांत आहेत, वरच्या कोपऱ्यांत उलट क्रमाने. प्लेटचा नंबरही याच तिकिटांवर आहे, पण इतका बारीक की डाव्या-उजव्या कडेच्या नक्षीत भिंगाशिवाय तो सापडत नाही.

हे नंबर 71 पासून 225 पर्यंत जातात. 75, 126 आणि 128 या प्लेट वापरल्याच गेल्या नाहीत. 77 नाकारली गेली होती, तरी तिची अगदी मोजकी तिकिटं बाहेर पडली. म्हणूनच 177 मधला पहिला एक खरवडून 77 बनवण्याचे उद्योग झाले आहेत. तुम्हाला 77 दिसला, तर आधी त्याच्या डावीकडच्या रेषा भिंगाखाली तपासा. तिथे कागद खरखरीत किंवा नक्षी तुटलेली असेल, तर पुढे जायची गरज नाही.

प्रश्न: एकाच प्रकारच्या दोन तिकिटांच्या उंचीत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. प्लेट वेगळ्या असतील?

असतीलच असं नाही. जुन्या कोरीव छपाईत कागद ओला करून छापत असत आणि वाळताना तो आकसे. कागदातले तंतू यंत्राच्या दिशेने लोळलेले असतात. आकसणं त्या दिशेत कमी आणि तिला आडव्या दिशेत जास्त होतं. त्यामुळे एकाच प्लेटवर छापलेलं, पण कागद वेगळ्या दिशेने घातलेलं तिकीट थोडं बुटकं किंवा थोडं अरुंद निघू शकतं.

पण आकारातला फरक कधीकधी खराच महत्त्वाचा असतो. अमेरिकेची 1908 ते 1922 या काळातली वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांच्या चित्रांची मालिका घ्या. काही तिकिटं सपाट प्लेटवर छापली, काही रोटरी यंत्रावर. रोटरीसाठी प्लेट वाकवून गोल करावी लागते आणि वाकवताना चित्र एका दिशेने ताणलं जातं. तिथे तोच अर्धा मिलिमीटर दोन छपाया वेगळ्या करतो. मोजताना कागदाच्या कडा नव्हे, चित्राच्या कडा मोजायच्या. कडेच्या छिद्रांमुळे झालेले दाते वाकडे पडले असतील तर कागदाचं माप फसवतं.

प्रश्न: जलचिन्ह उलटं आहे असं वाटतंय. ते दुर्मीळ असतं का?

तिकीट कोणतं, यावर अवलंबून आहे. जलचिन्ह कागदाच्या कारखान्यातच पडतं: ओल्या लगद्यावरून फिरणाऱ्या रुळावर तारेची आकृती बसवलेली असते, आणि ती जिथे टेकते तिथे कागद पातळ राहतो. छापखान्यात शीट खालचा भाग वर करून घातली गेली तर जलचिन्ह उलटं येतं. कागदाची मागची बाजू पुढे आली तर डावं-उजवं बदलतं. दोन्ही चुका एकदम झाल्या तर दोन्ही परिणाम दिसतात.

गोंधळ होतो तो पाहण्याच्या बाजूमुळे. ब्रिटिश धर्तीचे कॅटलॉग जलचिन्हाचं वर्णन तिकीट समोरून पाहिल्यासारखं करतात. आपण मात्र ते तिकिटाच्या पाठीवर पाहतो, तेव्हा अगदी नेहमीचं जलचिन्हही आरशात पाहिल्यासारखं दिसणार. अक्षरं असतील तर हे चटकन कळतं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या चिन्हात कळणारच नाही.

दुर्मीळपणाचं म्हणाल तर एलिझाबेथ राणीच्या 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश तिकिटांत तिकिटांच्या छोट्या पुस्तिकांसाठी छापलेल्या पानांपैकी निम्मी उलटी येत. त्यामुळे पुस्तिकेतलं उलटं जलचिन्ह अपघात नाही, ती रचनाच आहे. साध्या शीटमधून आलेल्या तिकिटावर तेच दिसलं तर लक्ष द्या.

प्रश्न: जलचिन्ह पाहायला लायटरचं पेट्रोल वापरतात असं ऐकलं. तिकीट खराब होत नाही?

काळ्या तबकडीत तिकीट पालथं ठेवून थोडं द्रव टाकलं की पातळ भाग गडद दिसतो. जुनी दुरुस्ती आणि खरवडलेली जागाही त्याच वेळी उघडी पडते, हा मोठा फायदा. बहुतेक तिकिटांना आणि गोंदाला काही होत नाही, पण ग्रॅव्हिअर पद्धतीने, म्हणजे बारीक खळग्यांत शाई भरून, छापलेल्या काही तिकिटांचा रंग उतरतो, तेव्हा आधी साध्या तिकिटावर करून पाहा. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. पिवळ्या आणि नारिंगी तिकिटांवर जलचिन्ह दिसणं कठीण जातं. त्याच रंगाच्या काचेतून किंवा फिल्टरमधून पाहिलं की चित्र फिकं पडतं आणि जलचिन्ह पुढे येतं.

प्रश्न: भारताच्या 1854 च्या निळ्या अर्ध्या आण्यावर जलचिन्हच नाही. नकली असेल का?

एवढ्यावरून नकली ठरत नाही. कोलकात्याच्या सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थ्युलिअर यांच्या देखरेखीखाली शिळाछाप पद्धतीने ही तिकिटं छापली गेली. तिथल्या कागदावर ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह होतं, पण संपूर्ण शीटवर मिळून एकच मोठं. शीटमध्ये 96 तिकिटं, तेव्हा एखाद्यावर त्याची नुसती एक वळणदार रेघ येते, तर एखाद्यावर काहीच येत नाही. प्रत्येक तिकिटामागे एक स्वतंत्र चिन्ह ही पद्धत 1865 च्या हत्तीच्या मस्तकापासून आली. खरंखोटं ठरवायला चित्रातल्या रेषा आणि शाईचा पोत पाहावा लागेल. शिळाछापात शाई कागदावर सपाट बसते, बोटाला उठाव लागत नाही.

प्रश्न: कागद निळसर दिसतो. ही वेगळी व्हरायटी, की डाग?

कागद शाईमुळे निळा पडलेला, मुळातच निळसर, की नंतर रंग लागलेला, या तिन्ही शक्यता खऱ्या आहेत. सुरुवातीच्या लाल एक पेनीचा कागद मुळात पांढरा होता. शाईतल्या प्रशिएट ऑफ पोटॅशमुळे तो निळा पडला आणि ही छटा तिकिटागणिक कमीजास्त आहे. भारताच्या 1855 च्या चार आणे आणि आठ आणे तिकिटांचा चकचकीत निळा कागद मात्र मुद्दाम निवडलेला. 1909 च्या अमेरिकी निळसर कागदात 35 टक्के चिंध्यांचा लगदा मिसळलेला होता. तिसरी शक्यता म्हणजे नंतर लागलेला रंग, आणि तो सहसा एकसारखा नसतो. पाठीवर, दात्यांच्या टोकांवर आणि शिक्क्याखाली पाहा. दिवसाच्या उजेडात, खात्रीच्या पांढऱ्या कागदाच्या तिकिटाशेजारी ठेवूनच निर्णय घ्या.

काही वाचकांनी खडूचा थर असलेला कागद चांदी घासून ओळखण्याबद्दलही विचारलं आहे. चांदीचा काळा ओरखडा उठतो हे खरं, पण तो कायमचा राहतो. कृपया करू नका. तिरप्या उजेडात त्या पृष्ठभागाची झाक दिसते. आणि अशी तिकिटं पाण्यात बुडवू नका, शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणूनच तो थर दिलेला असतो.

प्रश्न: या अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

महागड्या तिकिटापासून नक्कीच नको. भरपूर संख्येने मिळणारं एकच तिकीट घ्या. पाचव्या जॉर्जची भारतीय तिकिटं मला यासाठी फार आवडतात. 1911 पासूनच्या छपाईत प्रत्येक तिकिटामागे एक तारा आहे. 1926 पासून नाशिकला छपाई सुरू झाली आणि कागदभर लहान तारे आले. एकाच दराची मूठभर तिकिटं घेऊन आधी जलचिन्हाप्रमाणे दोन ढीग करा, मग वाचता येतील ते शिक्के तारखेप्रमाणे लावा. स्वतंत्र भारताची 1957 ची नकाशा मालिकाही अशीच आहे: आधी तारे, नंतर अशोकस्तंभाचं शीर्ष. तिकिटावर पेन्सिलही टेकवू नका. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी ठेवा आणि तीवर जलचिन्ह, दात्यांचं माप, कागद आणि शिक्क्याची तारीख लिहा. जे दिसलं नाही त्याचा रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका.