कन्याकुमारीला चाललात तर स्वामीतोप्पुला नक्की जा

तुम्ही विचारलंय, तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडच्या अय्यावळी या भक्तिपंथाची पवित्र स्थानं कोणती आणि कन्याकुमारीच्या सहलीत त्यातलं एखादं बघून होईल का. होईल. एकच बघायचं तर स्वामीतोप्पु बघा. नागरकोविल आणि कन्याकुमारीच्या मधेच आहे, अर्धा दिवस पुरतो.

पंथाचे प्रवर्तक अय्या वैकुंडर (१८०९–१८५१) याच गावचे. त्यांच्या समाधीभोवतीच हे मुख्य स्थान उभं राहिलं. अशा मोठ्या स्थानाला पदी म्हणतात. स्वामीतोप्पुखेरीज मुट्टप्पदी, अंबलप्पदी, पूप्पदी आणि तामरैकुळम पदी धरून पाच पदी प्रमुख मानतात, त्या सगळ्या कन्याकुमारी जिल्ह्यातच आहेत. गावागावांतल्या छोट्या प्रार्थनास्थळांना निळल तांगल म्हणतात.

आता आत काय असतं ते सांगतो, कारण खरं बघण्यासारखं तेच आहे. गाभाऱ्यात मूर्ती नसते. तिथे आरसा असतो आणि दोन्ही बाजूंना दिवे. हात जोडून उभं राहिलं की ज्योतींच्या मधे आपलाच चेहरा दिसतो. देव तुझ्याच आत आहे, हे तिथे कुणाला कीर्तनातून सांगावं लागत नाही.

पुरुषांनी सदरा काढायचा, पण डोक्याला फेटा गुंडाळूनच आत जायचं. हा नियम कुठून आला ते माहीत असेल तर दर्शनाचा अर्थच बदलतो. हा भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता आणि तिथे खालच्या ठरवलेल्या जातींना फेटा बांधायची बंदी होती. बायकांना छाती झाकू देत नसत, देवळात पाऊल टाकायची तर सोयच नव्हती. वैकुंडर स्वतः अशाच सानार, म्हणजे आजच्या नाडार, समाजातले. जो मान हिरावून घेतला होता, तोच त्यांनी पूजेची अट करून टाकला. कपाळावर ज्योतीच्या आकाराचं पांढरं नाम, म्हणजे टिळा, लावतात, तेही बोटाने स्पर्श करून. विटाळ नको म्हणून पुजारी खालच्या जातींना लांबूनच अंगारा टाकत, त्या काळात हा स्पर्श किती मोठा होता, विचार करा. संस्थानाने वैकुंडरांना तिरुवनंतपुरमला कैदेत टाकलं होतं, ते उगाच नाही.

पदीजवळची मुत्तिरि किणरु ही विहीर चुकवू नका. सगळ्या जातींच्या लोकांनी एकाच विहिरीवर अंघोळ करायची, तिचंच पाणी प्यायचं, ही प्रथा वैकुंडरांनी घातली. जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ साली. तेव्हा वैकुंडरांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दर्शन झालं की अन्नदानाच्या पंगतीला बसा. आधी विहिरीवर अंघोळ, मग दर्शन, असा भाविकांचा क्रम असतो, म्हणून कोरडे कपडे जवळ ठेवा. पुरुषांनी लुंगी किंवा धोतर न्यावं, फेट्यासाठी एखादा पंचा असला तरी चालतो.

गर्दी सोसत असेल तर तमिळ मासी महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला जा. त्या दिवशी वैकुंडरांचा अवतारदिन असतो आणि नागरकोविलहून स्वामीतोप्पुपर्यंत मोठी मिरवणूक निघते. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मात्र तो दिवस टाळून एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर पोचा.